धर्म : सर्व परिवार

सत्य दडवून ठेवणे हा दोष आहेच. परंतु आपले असत्य एखाद्या पूज्य व्यक्तीच्या मुखी घालून ते तिसऱ्याच्या स्वाधीन करणे हा त्याहून जड दोष होय. त्यात बोलणाऱ्याचे एकट्याचे अधःपतन होत नाही. जिच्या नावाने ते बोलले गेले तिची वाणी मलिन होते, आणि ज्याने ते श्रद्धेने ऐकले त्याचे सारे आयुष्य त्या मलिन वाणीच्या मापाने बेतले जाते. असा दोष करणारा मनुष्य तो विसरत नाही. जुन्या दुखण्यासारखा तो त्याला सांभाळतो, आणि केव्हातरी, योग्य स्थळी, योग्य व्यक्तीपाशी त्याचा उच्चार करीन असे स्वतःला सांगत राहतो. जालन्याच्या कचरूलालजींनी स्वतःला असे सत्तावीस वर्षे सांगितले होते. उच्चाराचा दिवस अगदी समीप आला असता, भाद्रपद शुद्ध तृतीयेच्या सकाळी, सामायिकाचे ध्यान आटोपून ते पलंगावर टेकले, तेव्हा फोनच्या पडद्यावर एक अहवाल त्यांची वाट पाहत होता. 'काम पूर्ण झाले. चारशे बारा फाइली योग्य जागी हलवल्या.' खाली यादी होती: स्तवने, प्रवचनांच्या ध्वनिफिती, कुणाकुणाच्या तपश्चर्येची छायाचित्रे, बियाण्यांच्या वाणांची माहितीपत्रके, आणि तिसऱ्या पानाच्या मध्यावर एक ओळ. 'आलोयणा. आधीची जागा: माझ्या फाइली. नवी जागा: धर्म, सर्व परिवार.'

त्यांनी ती ओळ वाचली, चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला, आणि पुन्हा वाचली. खाली रस्त्यावर गणपतीच्या मंडपासाठी आणलेले बांबू गाडीतून उतरवले जात होते; त्यांचा पोकळ, एकसारखा आवाज कानी पडत होता. तो आवाज मध्येच बंद झाला असे त्यांना वाटले. वास्तविक तो चालूच होता. तळपायांपासून काही थंड चढत गुडघ्यांपर्यंत आले आणि तेथे थांबले. वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी भीतीसुद्धा जिने चढताना थांबते, असा एक निरर्थक विचार त्यांच्या मनात येऊन गेला.

आलोयणा म्हणजे आपल्या दोषांचे गुरुजनांपाशी एकांतात केलेले निवेदन. कचरूलालजींच्या जैन घराण्यात उतारवयात एकदा तरी संपूर्ण आयुष्याची आलोयणा करण्याची रीत होती. कागदावर स्वहस्ते लिहावे, चातुर्मासासाठी आलेल्या महासतीजींपुढे, म्हणजे साध्वींपुढे, वाचावे, त्या देतील ते प्रायश्चित्त मस्तकी धरावे, आणि तो कागद पाण्यात विरघळवून टाकावा. वडिलांचा कागद विरघळताना त्यांनी दुरून पाहिला होता. निळ्या शाईचा एक धागा पाण्यात उमलला आणि नाहीसा झाला. वडिलांनी काय लिहिले होते हे कुणाला कधीच कळले नाही, आणि कळू नये यातच त्या रीतीचे पावित्र्य होते. परंतु कचरूलालजींचा हात आता कापू लागला होता. त्यांनी दार लावून फोनला सांगितले आणि फोनने लिहून घेतले. इतर सारे दोष चार ओळींत आटोपले. पाचव्या ओळीपासून अखेरपर्यंत रुचि होती. रुचि म्हणजे त्यांची थोरली मुलगी, भोकरदनला दिलेली, आता अठ्ठेचाळीस वर्षांची.

ते यंत्र, किंवा सून कनिका म्हणते तसा 'एजंट', घरात येऊन आठवडाही झाला नव्हता. एमआयडीसीतल्या त्यांच्या बियाणे प्रक्रियेच्या कारखान्याचे कार्यालय कनिकाच सांभाळत असे, आणि तेथल्या कामासाठी आणलेले हे साधन तिने सासऱ्यांच्या फोनवरही बसवून दिले होते.

"बाऊजी, तुमच्या फोनात तीळ ठेवायला जागा राह्यली न्हाई," ती म्हणाली होती. "ह्याला नुसतं सांगायचं, हे उचल अन् तिथं ठेव. तो वाचतो, यादी दाखवतो, तुमची हां घेतो, मंग हलवतो."

"वाचतो? समदं?"

"वाचल्याबिगर ठेवणार कुठं?"

तेव्हा कचरूलालजी फोन तोंडाजवळ धरून सावकाश बोलले होते, "आपण एवढी कृपा करा. जे धर्माचं हाय ते धर्माकडं न्या, जे धंद्याचं ते धंद्याकडं."

कनिकाला हसू आवरेना. "तो काय जावई हाय का बाऊजी, एवढी मनधरणी करून राह्यले?"

"कामाच्या माणसाशी अदबीनं बोलावं. आपल्या घरची चाल हाय ती."

"माणूस न्हाई ना पण तो!"

"मंग तर जास्तच. माणूस निदान उलटून बोलतो."

त्याने काल दुपारी यादी दाखवली होती, हे सत्य होते. पुढे जाऊ काय, असे नम्रतेने विचारलेही होते. गोदामात एकही गोणी तिच्यावरची चिठ्ठी स्वतः वाचल्याशिवाय इकडची तिकडे न होऊ देणारा हा मनुष्य. मजूर त्यांना पाठीमागे 'चिठ्ठीबाबा' म्हणत. त्यांनी पहिले पान पाहिले, स्तवनांची नावे वाचून संतुष्ट झाले, आणि घरातल्या कर्त्या पुरुषाने द्यावा तसा होकार दिला: बराबर हाय, करा. म्हणजे यंत्राची चूक नव्हतीच. पंचपरमेष्ठींना नमन करून आरंभिलेला, प्रायश्चित्ताची याचना करून संपवलेला तो लेख त्याने धर्माचा म्हणून ओळखला आणि धर्माच्या जागी नेऊन ठेवला. एखाद्या विद्वानानेही त्याहून वेगळे काय केले असते? फक्त ती जागा सर्व परिवाराची होती, एवढेच. आणि हे त्या बिचाऱ्याला कुणी सांगितले नव्हते.

त्यांनी कनिकाला फोन लावला. पलीकडे चाळणीयंत्राची घरघर होती.

"कनिका, त्या धर्माच्या फोल्डरात कोण-कोण हाय?"

"सगळेच. तेवीस जण. काहून?"

"असंच."

"हायेत तेवीस, पण उघडतंय कोण? भुसावळच्या मामाजींना पासवर्ड आठवत न्हाई. तुमच्या लेकाला, श्रेयांसला, फोल्डर हाय हेच माहीत न्हाई. एकट्या रुचिबाईसा रोज उघडतात. सांजच्याला प्रतिक्रमणाला बसायच्या आधी त्यांना सज्झायची भजनं ऐकायची असतात ना." ती क्षणभर थांबली. "काही गडबड झाली का बाऊजी?"

"न्हाई, न्हाई. ठेव तू."

रुचि रोज उघडते. तेवीस जणांमध्ये एकटी तीच उघडते. उरलेल्या बावीस जणांनी वाचले असते तरी त्यांची केवळ अप्रतिष्ठा झाली असती. अप्रतिष्ठेचे त्यांना आता फारसे भय उरले नव्हते. रुचिने वाचले तर काय होईल, हे मात्र त्यांना पाहवत नव्हते. मन त्या दाराशी जाई आणि बैलासारखे मागे रेटत परत येई. वाचले असेल काय? काल सायंकाळी वाचले असेल काय? तिचा फोन आला नव्हता. येत नव्हता याचा अर्थ वाचले नाही असा होता, की वाचले असा?

एकवीस वर्षांची रुचि त्यांना दिसू लागली. दोन चातुर्मास ती त्या काळच्या एका महासतीजींच्या सान्निध्यात राहिली होती. सूत्रांच्या गाथा तिला मुखोद्गत होत्या, तूप-दूध तिने सोडले होते, आणि दीक्षा घेण्याची इच्छा तिने आईवडिलांपुढे, जणू शेजारी जाऊन येते अशा साधेपणाने मांडली होती. तिची आई सुगनबाई रात्रंदिवस रडत. दीक्षेला पित्याची आज्ञा लागते. म्हणून एका फाल्गुनात कचरूलालजी स्कूटर काढून एकटेच महासतीजींना विचारायला गेले. अंबडजवळच्या एका खेड्यात, शाळेच्या रिकाम्या वर्गात त्या उतरल्या होत्या. भिंतीवर पाढे रंगवलेले होते. महासतीजी बोलल्या, त्यांनी ऐकले, वंदन केले, आणि ते परत निघाले. वेचणी झालेल्या कपाशीच्या काळ्या पराट्यांमधून येताना त्यांनी ते वाक्य जुळवले. वाक्य जुळवताना आपण काही पाप करीत आहोत असे त्यांना वाटलेही नाही. त्यांना फक्त घरातला तिचा वावर ऐकू येत होता, सकाळी जिन्यावरून उतरणारी तिची अनवाणी पावले. ती दारातच उभी होती. ते म्हणाले, "महासतीजी म्हणाल्या, तुझं मन कच्चं हाय. ह्या वाटेला तू लायक न्हाईस."

"असंच म्हणाल्या?"

"असंच."

"मंग बराबर हाय," ती म्हणाली. वादावादी नाही, रडणे नाही. ज्याच्यापाशी तक्रार करता येत नाही अशा ठिकाणाहून निकाल यावा, तसा तिने तो घेतला. त्या दिवशी जेवताना तिने दोन वर्षांनी खिचडीवर तूप वाढून घेतले, आणि सुगनबाईंना आनंदाचे रडू आले. कचरूलालजींनी मान खाली घालून घास गिळला. पुढच्या वर्षी तिचे लग्न झाले. त्याच्या पुढच्या वर्षी महासतीजी देवलोकी गेल्या, आणि ते असत्य खोटे ठरवू शकेल असे या जगात कुणी उरले नाही.

पण असत्य वाढत राहिले; तेही मोठ्या दुःखाने नव्हे. दुःख असते तर कचरूलालजींना ते ओळखता आले असते. ते वाढले बारीकसारीक नकारांतून. भोकरदनच्या पाठशाळेत शिकवायला या म्हणून बायका आल्या, तर रुचि हसून म्हणाली, मी कुठं लायक. महिला मंडळात चार शब्द बोला म्हटले, तर हसून तेच. स्वतःच्या मुलांना गाथा शिकवताना अर्थ सांगायची वेळ आली की थांबे. म्हणे, अर्थ स्थानकात साध्वींना विचारा, माझं काही खरं न्हाई. घरातले त्याला तिची विनयशीलता म्हणत. जावई तर कौतुकाने सांगत. एकट्या कचरूलालजींना ठाऊक होते की तो विनय नव्हे, ते त्यांचे स्वतःचे वाक्य आहे, तिच्या तोंडात मुरलेले. कारखान्यात ओल्या कागदावर शंभर दाणे मांडून उगवण तपासतात. जिवंत दाण्यांच्या थैलीवर मेल्याची चिठ्ठी लागली तर ती थैली पेरणीला कधीच जात नाही. दाण्यातले जीवन चिठ्ठीशी वाद घालत नाही, ते आत हळूहळू निवत जाते. पन्नास वर्षांत कचरूलालजींनी अशी एकही चिठ्ठी चुकू दिली नव्हती, कारखान्यात.

आता ती आलोयणा तिथेच राहू द्यावी काय? वाचू दे तिला. जे त्यांच्या जिभेला सत्तावीस वर्षांत जमले नाही ते एका यंत्राने भोळेपणाने करून टाकले, त्यात धर्माचाच काही संकेत नसेल कशावरून? हा विचार सुंदर होता, आणि सुंदर होता म्हणूनच त्यांना त्याचा संशय आला. आपल्या भित्रेपणाला संकेताचे नाव देणे हेही त्या जुन्या वाक्यासारखेच झाले नसते काय. पुन्हा दुसऱ्या कुणाच्या मुखाने बोलणे? नव्हे, आपण स्वतः जाऊन सांगू. परवा क्षमेची संवत्सरी सरल्यावर. पारणे झाल्यावर. ती अठाई करीत होती. आठ दिवसांच्या उपवासातला आज सहावा दिवस. अशा वेळी तिच्या मनाला धक्का लागता कामा नये. युक्तिवाद पूर्ण झाला तेव्हा अकरा वाजून गेले होते. त्यांनी फोन तोंडाजवळ धरला. "आलोयणा परत माझ्याकडं आणा. एवढी कृपा करा."

'आणली,' यंत्राने तत्काळ कळवले. 'ही फाइल आता केवळ आपणांस दिसेल.'

त्यांना एकदम भूक लागली. मुगाच्या डाळीचा वास त्यांच्यापर्यंत पोहोचला, मंडपाच्या बांबूंचा आवाज पुन्हा ऐकू येऊ लागला. आणि मग, तो वास छातीत भरून घेत असतानाच, आपण सुटलो या भावनेची त्यांना मनस्वी शरम वाटली. सत्तावीस वर्षांपूर्वी खिचडीच्या ताटावर हीच सुटका त्यांनी अनुभवली होती. ती तशीच्या तशी होती. तिचे वय झालेले नव्हते.

दुपारी बाराच्या सुमारास खाली मोटार थांबली आणि सुगनबाईंचा आवाज वर आला. "सहावा उपास अन् भोकरदनहून इथवर? जावईबापूंनी येऊ कसं दिलं तुला?"

"इचारलंच न्हाई मी, बाई," रुचि आईला म्हणत होती. "इचारलं की न्हाई म्हणायला सवड मिळती माणसाला."

"जीभ मातर उपाशी न्हाई तुझी!"

"तिला कुठं पचवायचंय काही."

ती जिना चढू लागली. कचरूलालजींनी पायऱ्या मोजल्या नाहीत. तरी मध्ये ती दोनदा थांबली हे त्यांना कळले. दारात आली तेव्हा तिचे ओठ कोरडे पडून पांढुरके झाले होते, आणि गालांची हाडे वर आली होती. तिने वाकून नमस्कार केला, दार लोटून घेतले, आणि खुर्ची ओढून समोर बसली. त्यांनी उकळून निवलेले पाणी पेल्यात ओतून पुढे केले. तिने पेला घेतला आणि हातातच धरून ठेवला.

"बाऊजी, मी वाचलं."

त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"काल सांजच्याला. सज्झाय लावायला गेल्ते तर वरच दिसलं. वाटलं, आत्ताच्या महासतीजींनी समजावून सांगितलेली आलोयणा असंल, वाचावी. तर आपल्या घरचीच निघाली."

"रुचि, ते त्या यंत्रानं…"

"यंत्रानं ठेवलं, तुम्ही काढलं. मला दोन्ही कळतं." तिचा स्वर चढला नव्हता. "सकाळी परत वाचायला उघडलं तव्हा होतं. गाडीत बसल्यावर राजूरपाशी उघडलं तर न्हाई. लिहिलेलं वाचून मला रडू आलं न्हाई, बाऊजी. काढून घेतल्याचं आलं. ड्रायव्हर म्हणला, बाईसाहेब, उलटी होऊन राह्यली का, थांबू का?" ती किंचित हसली. "सहा दिवसांच्या उपाशी बाईला कशाची उलटी होणार!"

कचरूलालजींना हसता आले नाही. आपल्या पापाला सत्तावीस वर्षे झाली असे ते मानत होते. त्याचे वय तर अवघे एका तासाचे होते. मघाशी, डाळीचा वास घेताना, त्यांनी तिला दुसऱ्यांदा दाराशी उभे केले होते.

"तू पारणं केल्यावर मी येणार होतो," ते म्हणाले. "भोकरदनला. खरंच येणार होतो."

"आले असते?"

केदारखेड्याचा पूल, पलीकडचे मक्याचे शेत, तिच्या घराचा ओटा, सारे त्यांनी मनात आणून पाहिले. त्या ओट्यावर स्वतःला बसलेले पाहिले. बोलताना पाहता येईना. "ठाव न्हाई," ते म्हणाले. आज सकाळपासून त्यांच्या तोंडून निघालेले हे पहिले निखळ सत्य होते.

तिने पेला खाली ठेवला. "भांडायला न्हाई आले मी. एक इचारायला आले. तुम्ही खोटं काय सांगितलं ते लिहिलंय, काहून सांगितलं तेबी लिहिलंय. तुम्हाला किती तरास झाला तेबी बराबर लिहिलंय. पण त्या खरंच काय म्हणाल्या, ते कुठंच न्हाई."

चार दिवस दार लावून, शब्द निवडून त्यांनी जी आलोयणा केली होती, तिच्यात त्यांचा दोष होता, त्यांचा मोह होता, त्यांचा पश्चात्ताप होता. आणि जे रुचिचे होते तेवढेच नव्हते. चोरीची कबुली सविस्तर दिली होती आणि वस्तू खिशातच राहिली होती. ती वस्तू त्यांनी विसरायची म्हटली तरी विसरता येण्याजोगी नव्हती. फक्त ती आजवर जिभेवर आली नव्हती; म्हणून बोलताना प्रत्येक शब्द कोरा, कुणी न वापरलेल्या भांड्यासारखा वाजला.

"म्हणाल्या, कचरूलालजी, ही माझ्याकडं शिकायला आली, पण दोन चातुर्मास मीच हिच्याकडून शिकले. आज्ञा देणं तुमच्या हाती. द्यावी वाटली तर द्या, न्हाई वाटली तर देऊ नका. घरात राह्यली तरी ही साध्वीच राहील. फक्त हिला एवढं सांगायला चुकू नका, की ही लायक होती."

रुचि त्यांच्याकडे पाहत नव्हती. ती स्वतःच्या हातांकडे, पालथ्या पंज्यांकडे पाहत होती.

"म्हणजे आज्ञा न्हाई दिली तरी चाललं असतं."

"हां."

"नुसतं सांगायचं होतं."

"हां, बेटा."

"मी राह्यले असते, बाऊजी," ती अगदी हळू म्हणाली. "बाई इतकी रडत होती. तुम्ही नुसतं म्हणले असते, जाऊ नको, तरी मी राह्यलेच असते."

कचरूलालजींनी दोन्ही हात जोडले. "रुचि, मिच्छामि…"

"परवा," तिने मध्येच थांबवले. "परवा संवत्सरीला सगळेच सगळ्यांना म्हणतात, तव्हा म्हणा. मी तव्हा काय म्हणन ते मला आज ठाव न्हाई. आज माफीचा खमतखामणा न्हाई." मग तिने डोळे मिटले, पाठ ताठ केली. "आज ते परत एकदा सांगा. त्यांचेच शब्द. सावकाश."

त्यांनी सांगितले. पहिल्यापासून, त्याच क्रमाने, मध्ये स्वतःचा एकही शब्द न घालता. सांगताना त्यांनी पाहिले, तिचे कोरडे ओठ त्यांच्या मागोमाग हलत होते. गाथा पाठ करणारी मुले हलवतात तसे.

महासतीजींची वाणी आपल्या स्थानी पोहोचायला सत्तावीस वर्षे लागली. ती विलंबाने पोहोचवणाऱ्या त्या वृद्धाचे कल्याण असो; उपवासाने क्षीण झालेल्या मुखाने ती ग्रहण करणाऱ्या लेकीचे त्याहून अधिक असो; आणि काही न जाणता मध्ये हात लावून गेलेल्या त्या सेवकावरही कुणाचा रोष न राहो. ज्याचे त्याला मिळो.